काइटच्या दोऱ्या, बार आणि ट्रिम : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

काइटबोर्डिंगविषयी, म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काइटच्या) ओढीने फळीवरून पाण्यावर सरकण्याच्या खेळाविषयी, आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच अडचणीपाशी येऊन थांबतात : काइट पूर्वीसारखी उडत नाही, आणि दोष काइटमध्ये आहे, वाऱ्यात आहे की आपल्या हातात आहे, याचा उलगडा होत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील अनेक जण आंबोलीचा घाट उतरून गोव्यातील मोरजी-आश्वेच्या किनाऱ्यावर, तर काही जण मोठी सुटी काढून रामेश्वरमला हा खेळ शिकतात. शिकवणीच्या काळात सामान प्रशिक्षक जुळवून देतो. घरी परतल्यावर स्वतःची काइट घेतली की ती जबाबदारी आपली होते आणि तिची माहिती मराठीत फारशी मिळत नाही. म्हणून या अंकात केवळ दोऱ्या आणि बार (काइट हाताळण्यासाठी हातात धरायचा दांडा) यांच्या जुळणीविषयीचे प्रश्न घेतले आहेत. एक गोष्ट आधीच आग्रहाने सांगतो : नवी काइट घेण्याचा विचार मनात येण्यापूर्वी जुनीच्या चारही दोऱ्या ताणून, शेजारी शेजारी धरून, मोजून पाहाव्यात.

प्रश्न : मी १२ चौरस मीटरची वापरलेली काइट आणि तिचाच बार विकत घेतला. मोरजीला वारा हलका असताना काइट वर चढते, परंतु डोक्यावर आली की मागे मागे सरकू लागते, आणि ताकद मिळावी म्हणून बार ओढला तर शेपटाच्या बाजूने खाली येऊन पाण्यात पडते. कापड ताणले गेल्यामुळे ती निकामी झाली असावी असे एका मित्राचे म्हणणे आहे. ती काढून टाकावी का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : काढून टाकण्याचा विचार तूर्त दूर ठेवावा. डोक्यावर असताना मागे सरकणे, बार ओढताच ताकद वाढण्याऐवजी नाहीशी होणे आणि मागच्या कडेवर खाली येणे, ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली तर मागच्या दोऱ्या पुढच्या दोऱ्यांच्या मानाने आखूड झाल्या आहेत, अशी शंका सर्वांत आधी घ्यावी. काइट उडवणारे या प्रकाराला ‘बॅकस्टॉल’ म्हणतात.

चार दोऱ्यांपैकी मधल्या दोन, ज्यांना पुढच्या दोऱ्या किंवा फ्रंट लाइन म्हणतात, त्या बारच्या मधल्या छिद्राच्या वाटेने चिकन लूप नावाच्या कडीपर्यंत आणि तेथून आपल्या हार्नेसच्या, म्हणजे कमरेला बांधलेल्या पट्ट्याच्या, हुकापर्यंत येतात. काइटची बहुतांश ओढ याच दोन दोऱ्या पेलतात. बाहेरच्या दोन, म्हणजे मागच्या दोऱ्या, बारच्या टोकांना बांधलेल्या असतात; त्या काइटची मागची कड कमी-अधिक ओढतात आणि तिला डावी-उजवीकडे वळवतात. सतत भाराखाली राहिल्यामुळे पुढच्या दोऱ्या हळूहळू लांबतात. मागच्या दोऱ्यांवर तेवढा भार येत नाही, त्यामुळे त्या लांबत नाहीत. उलट विणीत मीठ आणि बारीक वाळू शिरून त्या किंचित आखडतात. असे होता होता चांगल्या वापरलेल्या संचात पाच-सात सेंटीमीटरचा फरक सहज पडतो. २४ मीटर लांबीच्या दोरीत हा फरक नगण्य वाटेल, परंतु त्याची तुलना दोरीच्या लांबीशी न करता बारच्या पल्ल्याशी करावी. बार पूर्ण सोडलेल्या आणि पूर्ण ओढलेल्या स्थितींमधले अंतर साधारणपणे अर्धा मीटर असते. तेव्हा सात सेंटीमीटरचा फरक म्हणजे आपण बारला हात लावण्यापूर्वीच त्या पल्ल्याचा सातवा हिस्सा ओढून ठेवण्यासारखे झाले.

संक्रांतीला ज्याने स्वतःच्या हाताने पतंगाची कन्नी बांधली आहे त्याला यामागचे कारण वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. कन्नीचा खालचा धागा आखूड पडला की पतंग वाऱ्याला छाती देऊन नुसता ओढत राहतो आणि वर चढत नाही. काइटच्या मागच्या दोऱ्या आखूड झाल्या की नेमके हेच घडते, कारण काइटचा वाऱ्याशी होणारा कोन गरजेपेक्षा मोठा होतो. जोराच्या वाऱ्यात हा दोष काही प्रमाणात झाकला जातो. हलक्या वाऱ्यात मात्र काइटवरून वाहणारी हवा कापडापासून सुटते, उचल संपते आणि काइट मागे पडते. आपल्याला त्रास हलक्या वाऱ्यातच का होतो, याचे उत्तर यात आहे.

आता तपासणी. तिच्यासाठी समुद्र लागत नाही, वारा लागत नाही आणि काइटही लागत नाही. तीस मीटर सरळ मोकळी जागा आणि एक भक्कम खांब पुरेसा आहे. सकाळी लवकर, वर्दळ सुरू होण्यापूर्वी, तपोवन मैदानासारख्या मोकळ्या जागेत हे काम अर्ध्या तासात होते. फक्त जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर ताणलेल्या पातळ दोऱ्या चालणाऱ्याला दिसत नाहीत, म्हणून सोबत एक माणूस उभा करावा.

चारही दोऱ्यांची काइटकडची टोके खांबावरच्या एकाच हुकात, एकाच बिंदूवर अडकवावीत. पुढच्या आणि मागच्या दोऱ्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून बहुतेक बारमध्ये एका जोडीच्या टोकाला फास आणि दुसऱ्या जोडीच्या टोकाला गाठ असते. गाठीच्या टोकांना सारख्या मापाचे दोन छोटे फास जोडून घ्यावेत आणि त्यांची लांबी मापातून वजा करायला विसरू नये. ट्रिमचा, म्हणजे पुढच्या दोऱ्यांची लांबी कमी-जास्त करणारा, पट्टा किंवा दोरी पूर्ण सैल सोडावी, म्हणजे पुढच्या दोऱ्या त्यांच्या कमाल लांबीवर येतील. चिकन लूप हार्नेसच्या हुकात अडकवून मागे झुकावे, अंगाचा भार थोडा वेळ दोऱ्यांवर राहू द्यावा आणि मग बार खाली, चिकन लूपपर्यंत ओढावा. या स्थितीत चारही दोऱ्या सारख्याच ताणलेल्या असाव्यात आणि बार आपल्याला समांतर, सरळ राहावा. बहुतेक उत्पादकांची जुळणी याच मापावर असते. तरीही आपल्या बारच्या माहितीपत्रकात वेगळे माप दिले असेल तर तेच प्रमाण मानावे.

मागच्या दोन दोऱ्या ताठ आणि पुढच्या लोंबत्या दिसल्या की निदान पक्के झाले. उपचार करताना घाई करू नये. आधी मागच्या दोऱ्या गोड्या पाण्यात भिजवून, दोन-तीन वेळा पाणी बदलून मीठ काढावे, मग त्या खांबाला बांधून दोघांनी मागे झुकत काही मिनिटे सारख्या ताणाव्यात. अनेकदा अर्धा फरक एवढ्यानेच जातो. उरलेला फरक बारच्या टोकांशी असलेल्या जाड लीडर दोरीवर काढावा. तेथे फ्लोटच्या (बारच्या टोकाशी असलेल्या तरंगत्या तुकड्याच्या) आत किंवा लगेच वर ओळीने काही गाठी दिलेल्या असतात. दोन्ही बाजूंना एकेक गाठ बाहेरच्या दिशेने सरकवली की मागच्या दोऱ्या तेवढ्या लांब होतात. अशी सोय नसेल तर काइटच्या टोकाशी असलेल्या गाठी वापराव्यात : काइटपासून दूरच्या गाठीला दोरी जोडली की एकूण लांबी वाढते, जवळच्या गाठीला जोडली की घटते. बार आणि काइट या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी बदल करू नये, नाहीतर कशाने काय झाले ते कळणार नाही. माझा आग्रह बारकडच्या बदलाचा आहे, कारण काइटकडची गाठ मूळ जागी ठेवली की तोच बार दुसऱ्या काइटलाही लावता येतो.

त्यानंतर हवेतली परीक्षा घ्यावी. काइट डोक्यावर स्थिर करून बार पूर्ण ओढावा आणि काही क्षण तसाच धरावा. काइट जागेवर राहिली तर जुळणी बरोबर आहे. मागे सरकली तर आणखी एक गाठ द्यावी. बार पूर्ण सोडल्यावर मागच्या दोऱ्यांना किंचित झोळ पडलेला दिसला तर तो चांगला समजावा. झोळ फार मोठा असेल आणि बार पोटापर्यंत ओढल्याशिवाय काइट वळतच नसेल, तर मात्र आपण मर्यादेबाहेर गेलात. एक गाठ परत घ्यावी.

पाण्यात असताना हाच त्रास झाला तर ट्रिम थोडा ओढून, म्हणजे पुढच्या दोऱ्या आखूड करून, काइट किनाऱ्यापर्यंत आणता येते. तो कायमचा उपाय नाही. ट्रिमची जी लांबी आपण दोष झाकण्यात खर्च केली ती वारा वाढल्यावर ताकद कमी करण्यासाठी उरत नाही.

दोऱ्यांकडे वळण्यापूर्वी एक साधी गोष्ट पाहून घ्यावी : पुढच्या नळीत, म्हणजे लीडिंग एजमध्ये, हवा पुरेशी आहे ना. बहुतेक काइटसाठी हा दाब ६ ते ८ पीएसआयच्या आसपास असतो आणि अनेकदा तो काइटवरच छापलेला असतो. मऊ नळीची काइट वाकते आणि तीही अशीच बिथरते.

प्रश्न : माझी काइट सतत डावीकडे ओढते. सरळ उडवायची तर बार उजवीकडे ओढून तिरका धरावा लागतो. एक दोरी घासली गेली असल्यामुळे ती बदलायची आहे. आमच्या सुताच्या व्यवसायामुळे नायलॉन आणि पॉलिएस्टरचे मजबूत दोर आम्हाला सहज मिळतात. त्यांतलाच एक लावला तर चालेल का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण त्यात धोका आहे : तसे करू नये. काइटच्या दोऱ्या अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिइथिलीनच्या असतात. डायनीमा या व्यापारी नावाने हा धागा ओळखला जातो. आपण धाग्याच्या व्यवसायात असल्यामुळे आकडे सांगितले की पुरेल. हा धागा तुटेपर्यंत जेमतेम साडेतीन-चार टक्के लांबतो, तर नायलॉनचा दोर १५ ते ३० टक्क्यांपर्यंत किंवा अधिकही. तीन दोऱ्या जवळजवळ न ताणणाऱ्या आणि चौथी रबरासारखी, अशा संचाची काइट वाऱ्याच्या प्रत्येक झोतासरशी एका बाजूला वळेल. शिवाय डायनीमाची घनता ०.९७ असल्यामुळे तो पाण्यावर तरंगतो. नायलॉन आणि पॉलिएस्टर बुडतात. पडलेली काइट पुन्हा उठवताना दोऱ्या पाण्याखाली जाऊन पायांत किंवा खडकांत अडकणे किती घातक ठरू शकते, याची कल्पना करावी.

या धाग्याच्या दोन उणिवाही ध्यानात ठेवाव्यात. तो साधारण १४५ अंश सेल्सिअसलाच वितळतो. एक ताणलेली दोरी दुसरीवर वेगाने घासली की होणारी उष्णता तेवढ्यापर्यंत सहज पोहोचते, आणि दोन काइट एकमेकींत अडकल्यावर दोऱ्या क्षणात तुटतात त्या यामुळेच. दुसरी उणीव गाठीची. धागा इतका गुळगुळीत आहे की साधी गाठ त्यात सरकते, आणि सरकली नाही तर दोरीची ताकद जवळपास निम्म्यावर आणते. टोकांचे फास विणीत ओवून आणि आवरण घालून शिवलेले असतात ते याच कारणाने. उडवताना दोरीच्या मध्ये चुकून पडलेली गाठ दिसली की त्याच दिवशी सोडवावी. तशीच घट्ट होऊ दिली तर ती सुटत नाही. घासलेली दोरी बदलताना एकटी बदलू नये, तिची जोडीदारही बदलावी. नवी दोरी पहिल्या काही फेऱ्यांत थोडी लांबते, तिच्या बाजूची जुनी लांबत नाही, आणि एकीकडे ओढण्याचा तोच दोष नव्याने जन्माला येतो.

आता डावीकडच्या ओढीविषयी. बार सरळ धरला असता काइट डावीकडे जात असेल तर डावी मागची दोरी उजवीपेक्षा आखूड असण्याचा संभव सर्वाधिक. वरच्या उत्तरात सांगितलेली खांबाची तपासणी करावी. त्यात बार तिरका राहिला तर फरक डोळ्यांना दिसेलच. बहुतेक जण डाव्या हातावर किंवा उजव्या हातावर अधिक जोर देतात आणि एकाच दिशेच्या फेऱ्या अधिक मारतात, त्यामुळे मागच्या दोन दोऱ्यांत दोन-तीन सेंटीमीटरचा फरक पडणे अस्वाभाविक नाही. पुढच्या दोन दोऱ्या मात्र आधी एकमेकींशी जुळवून घ्याव्यात आणि मागच्या त्यानंतर, कारण पुढच्याच असमान असतील तर मागच्यांचे माप कशाशी लावायचे हा प्रश्न उभा राहतो.

खांबाला लावल्यावर चारही दोऱ्या बिनचूक निघाल्या तर दोष काइटमध्ये शोधावा. ओळखीच्या माणसाचा त्याच पद्धतीचा बार लावून पाहावा; तरीही काइट डावीकडेच गेली तर ब्रायडलच्या, म्हणजे काइटच्या कन्नीच्या, बारीक दोऱ्या दोन्ही बाजूंच्या एकत्र धरून माप जुळवावे आणि कप्प्या फिरतात का ते पाहावे. वाळूने अडकलेली एक कप्पी किंवा घासून बारीक झालेली ब्रायडलची एक दोरी एवढी ओढ निर्माण करू शकते. एका बाजूची दोरी चुकीच्या गाठीला जोडली गेली असेल, तर तेही येथेच सापडेल.

प्रश्न : माझी १४ मीटरची काइट फार सावकाश वळते. लांब दोऱ्या घ्याव्यात की आखूड? बार मोठा घेऊन फरक पडेल का?
— एक वाचक, कागल

उत्तर : बार रुंद असेल तर हाताच्या तेवढ्याच हालचालीत मागच्या दोन दोऱ्यांमधला फरक अधिक होतो, म्हणून मोठी काइट रुंद बारवर लवकर वळते. प्रचलित बार साधारण ४५ ते ५५ सेंटीमीटरचे असतात आणि कित्येक बारमध्ये टोकाची दोरी आतल्या किंवा बाहेरच्या खाचेत बसवून रुंदी बदलता येते. १२ मीटर आणि त्यापुढच्या काइटसाठी बाहेरची खाच वापरावी. ७-८ मीटरच्या काइटसाठी आतली, कारण छोटी काइट रुंद बारवर इतकी चपळ होते की नवशिक्याला ती आवरत नाही. खाच बदलल्यावर मागच्या दोऱ्यांचे माप पुन्हा पाहावे, ते हमखास थोडे बदलते. खर्च न करता होण्यासारखे हे आहे, तेव्हा आधी हे करावे.

दोऱ्यांच्या लांबीत दोन्ही बाजूंनी काही मिळते आणि काही जाते. २२ ते २४ मीटर ही नेहमीची लांबी आहे. २० मीटरच्या दोऱ्यांवर काइट लगेच प्रतिसाद देते, वळणाचा घेर लहान होतो; लाटांवर खेळणारे त्या पसंत करतात. २७ मीटरच्या दोऱ्यांवर काइटला फिरण्यासाठी मोठी कमान मिळते, ती अधिक वेळ वेग घेते आणि थोडी उंच, अधिक वाऱ्यात जाते. हलक्या वाऱ्यात त्यामुळे ताकद वाढते, परंतु बार हलवल्यापासून काइट वळेपर्यंतचा विलंबही वाढतो. फेब्रुवारी ते मे या काळात गोव्याच्या उत्तर किनाऱ्यावर दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा बहुधा सौम्य ते मध्यम असतो. अशा वाऱ्यात १४ मीटरच्या काइटच्या दोऱ्या आखूड करून वळण मिळवण्यापेक्षा ताकद राखणे मला अधिक योग्य वाटते, म्हणून २४ मीटर कायम ठेवून बार रुंद करावा. वाढीव तुकडे जोडायचेच झाले तर चारही दोऱ्यांना, एकाच संचातले, एकाच मापाचे जोडावेत.

सावकाश वळण्यामागे आणखी एक कारण असते. ट्रिम फार ओढलेला असेल तर मागच्या दोऱ्यांना झोळ पडतो, आणि बार हलवल्यावर पहिली काही सेंटीमीटर तो झोळ भरण्यातच जातात. पुढचे उत्तर आपणही वाचावे.

प्रश्न : ट्रिम नेमका किती ओढावा? मी प्रत्येक वेळी अंदाजाने ओढतो. कधी हात भरून येतात, तर कधी काइट डोक्यावरून पुढे जाऊन अचानक कोसळते.
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : ट्रिमचे माप बारच्या जागेवरून घ्यावे. बोर्डवर स्थिर वेगाने जात असताना काइट पुरेशी ताकद देईल तो बारचा बिंदू कोपर थोडे दुमडलेल्या, सैल हाताच्या अंतरावर यायला हवा. त्यासाठी हात पूर्ण लांब करावे लागत असतील तर वारा जास्त आहे : ट्रिम ओढून पुढच्या दोऱ्या आखूड कराव्यात. बार पोटाशी आणूनही ताकद मिळत नसेल तर ट्रिम सोडावा. हात भरून येण्याचे कारण बहुधा बार सतत ओढून धरण्याची सवय हे असते. भार हार्नेसने घ्यायचा असतो, हातांनी फक्त दिशा द्यायची असते.

काइट डोक्यावरून पुढे जाऊन कोसळते याचा अर्थ ट्रिम गरजेपेक्षा जास्त ओढलेला आहे. वाऱ्याशी होणारा कोन इतका लहान झाला की काइट आपल्या डोक्याच्याही पुढे, वारा जिकडून येतो त्या दिशेला उडते, दोऱ्या सैल पडतात आणि तिला धरून ठेवणारे काही उरत नाही. वाऱ्यात खंड पडताना हे हमखास होते आणि पुन्हा दोऱ्या ताणल्या जातात तेव्हा बसणारा झटका धोक्याचा असतो. ट्रिम पूर्ण ओढूनही काइट आवरत नसेल तर किनाऱ्यावर येऊन लहान काइट लावावी. तिथे ट्रिमचा उपयोग संपलेला असतो.

प्रश्न : रंकाळ्यावर किंवा कळंबा तलावावर सराव करता येईल का?
— एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : नाही. भोवती रस्ते, झाडे, इमारती आणि विजेच्या तारा असलेल्या पाण्यावर वारा तुटक आणि फिरता येतो, आणि काठावर माणसांची सतत ये-जा असते. दोऱ्यांचे माप, ट्रिमची देखभाल आणि सेफ्टीची (संकटात काइट सोडण्याच्या यंत्रणेची) उजळणी ही जमिनीवरची कामे कोल्हापुरात जरूर करावीत; काइट हवेत सोडण्याचे काम मोकळ्या किनाऱ्यावरच करावे.

प्रश्न : पावसाळ्याचे चार महिने सामान पडून राहते. दोऱ्या खराब होऊ नयेत म्हणून काय करावे?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : शेवटच्या फेरीनंतर दोऱ्या गोड्या पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, सावलीत पूर्ण वाळवाव्यात आणि सैल गुंडाळून कोरड्या जागी ठेवाव्यात. बारच्या मध्यातून जाणारी जाड दोरी मात्र बोटांनी चाचपून पाहावी. बार दिवसभर तिच्यावर घासत असतो, तिचे आवरण फाटते आणि आतले तंतू तुटू लागतात. पुढच्या दोन्ही दोऱ्यांचा भार या एकाच जागी एकत्र येतो. आवरण फाटलेले दिसले की तो भाग हंगामापूर्वी बदलावा. हंगामाच्या सुरुवातीला खांबाची तपासणी पुन्हा करावी.

प्रश्न : माझी मुलगी काइटबोर्डिंग शिकते आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ पाहिल्यापासून तिला फॉइल काइटवर जायचे आहे. ती बारवर स्वतःच गाठी बदलते, दोऱ्या वाढवते. या बदलांमुळे सुरक्षेच्या यंत्रणेत बिघाड तर होणार नाही ना?
— एक पालक, जयसिंगपूर

उत्तर : आपला प्रश्न या सर्व पत्रांमध्ये मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, कारण बदल करणारे बहुतेक जण काइटच्या उडण्याकडे पाहतात आणि सुटण्याकडे पाहत नाहीत.

संकटात चिकन लूपवरचा क्विक रिलीज ढकलला की लूप उघडतो, बार आपल्यापासून दूर निघून जातो आणि काइट फक्त एका पुढच्या दोरीवर लटकून निशाणासारखी फडफडते; तिची ओढ संपते. हे घडण्यासाठी ती एक दोरी बारच्या छिद्रातून कित्येक मीटर, साधारण काइटच्या रुंदीएवढी, विनाअडथळा सरकली पाहिजे. आपल्या मुलीने त्या दोरीवर, या सरकण्याच्या मार्गात, एखादी गाठ मारली किंवा वाढीव तुकड्याचा जोड आणला, तर तो जोड छिद्रापाशी अडकतो, बार तिथेच थांबतो आणि काइट अर्धवट ताकदीने ओढत राहते. उडताना अशा बदलाचा काहीही त्रास जाणवत नाही, म्हणूनच तो लक्षात येत नाही. दोऱ्या वाढवायच्या असतील तर तुकडे काइटच्या टोकाकडे जोडावेत, बारच्या बाजूला नव्हे. दोऱ्यांना पडलेला पीळही या मार्गात अडथळा आणतो. फिरून उड्या मारल्यावर बारखालच्या फिरकीने तो लगेच काढण्याची सवय तिला लावावी.

क्विक रिलीजसाठी आयएसओ २१८५३ हे आंतरराष्ट्रीय मानक २०२० साली प्रसिद्ध झाले. नवा बार घेताना त्याच्या माहितीपत्रकात या मानकाचा उल्लेख आहे का ते पाहावे, आणि जुना बार वापरात असेल तर त्याची परीक्षा अधिक कडकपणे घ्यावी.

फॉइलविषयी थोडक्यात. २०२४ च्या ऑलिंपिकमधील फॉर्म्युला काइट ही स्पर्धा मार्सेयच्या समुद्रात, पुरुष आणि महिला अशा दोन गटांत झाली. तीत वापरल्या जाणाऱ्या काइटना हवा भरलेली नळी नसते. त्या कप्प्याकप्प्यांच्या कापडी पंखासारख्या असतात आणि त्यांचा आकार ब्रायडलमधल्या कप्प्या व दोऱ्यांच्या जाळ्यावर, ज्याला मिक्सर म्हणतात, अवलंबून असतो. तेथे एक-दोन सेंटीमीटरचा फरकही वेग बदलतो. नळीच्या काइटवर चार दोऱ्या अचूक जुळवण्याची शिस्त अंगी बाणली तरच तिकडे वळावे, असे तिला माझ्या वतीने सांगावे.

प्रत्येक बदलानंतर तिने पुढील परीक्षा जमिनीवर घ्यावी. दोऱ्या खांबाला लावून, लीश (आपल्याला काइटशी जोडून ठेवणारी सुरक्षा दोरी) हार्नेसला जोडून, मागे झुकून पूर्ण भार द्यावा आणि भार असतानाच रिलीज ढकलावा. मागे पडू नये म्हणून आपण तिच्या पाठीशी उभे राहावे. लूप लगेच उघडला पाहिजे, आणि नंतर बार हाताने त्या एका दोरीवरून वर ढकलत नेला असता तो शेवटपर्यंत कुठेही न अडता गेला पाहिजे. लीशला स्वतःचा वेगळा रिलीज असतो, तोही उघडून पाहावा. त्यानंतर रिलीज पुन्हा जोडण्याचा सराव डोळे मिटून करावा, कारण लाटांमध्ये तो पाहून जोडायला सवड मिळत नाही. रिलीजच्या सरकत्या भागात वाळू करकरत असेल तर तो गोड्या पाण्याने धुऊन, परीक्षा पुन्हा घेतल्यावरच तो बार किनाऱ्यावर न्यावा.